विडीच्या कट्ट्यावरचं चित्र



मागच्या महिन्यात आमच्या एका बचत गटाची बैठक विडी घरकुलात एका अक्कांच्या घरी होती. हप्ते लिहून झाले, वही मिटली, आणि अक्कांनी पासबुक काढायला जुनी पत्र्याची पेटी उघडली. बघते तर झाकणाच्या आतल्या बाजूला चार रंगीत कागद ओळीनं चिकटवलेले. पिवळा पडलेला कागद, मधोमध सोंड वर केलेला हत्ती, भोवती वेलबुट्टी, आणि वरच्या कोपऱ्यात गोल चौकटीत फेटा बांधलेले मिशीवाले गृहस्थ. विडीच्या कट्ट्यावरची लेबलं होती ती.

अक्का म्हणाल्या, "कारखान्यात लेबल लावायला एक बाई होती. तिच्याकडून मागून आणली होती, तीस वर्षं झाली. कारखाना कधीच बंद पडला, ताई."

"आणि हे फेटेवाले कोण?" मी विचारलं.

"मालक असतील. मला काय ठाऊक, मी फक्त चेकरला बघितलंय."

सगळ्या हसल्या. मी पण हसले. पण घरी येताना ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. म्हणून आज पाककृती नाही आणि बचतीचा हिशेबही नाही. आज या छोट्या चित्राविषयी बोलू या. तंबाखूच्या मालावर चित्र आलं कसं, ते कुणासाठी होतं, आणि त्यात कोण दिसतं, कोण दिसत नाही.

त्यासाठी आधी जरा लांब जावं लागेल, थेट अमेरिकेत. काळ साधारण दीडशे वर्षांपूर्वीचा. पण घाबरू नका, तिथेही आपल्याला आपल्यासारख्याच बायका भेटणार आहेत.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात रिचमंड नावाचं शहर आहे. तिथे ॲलन अँड जिंटर नावाची सिगारेट कंपनी होती. तेव्हा सिगारेटी यंत्रावर होत नव्हत्या. तरुण मुली बाकावर ओळीनं बसून हातानं वळायच्या. हात बसलेली मुलगी मिनिटाला चारेक सिगारेटी करायची, दिवसाला अडीच-तीन हजार. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बाईला पान कापण्यापासून तोंड मुडपून दोरा बांधण्यापर्यंत सगळं करावं लागतं, त्यामुळे हजार विड्यांतच दिवस मावळतो. पण मान खाली घालून आकडा मोजत बसणं दोन्हीकडे सारखंच.

आता सिगारेटीचं पाकीट कागदाचं, मऊ. खिशात घातलं की आतल्या सिगारेटी चेपायच्या. म्हणून पाकिटात एक कडक पुठ्ठ्याचा तुकडा घालायला सुरुवात झाली. दीड इंच रुंद, पावणेतीन इंच लांब. काम एवढंच की पाकीट ताठ राहावं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हा पुठ्ठा कोरा कशाला ठेवायचा? १८८० नंतरच्या दशकात त्यावर चित्रं छापली जाऊ लागली. एका पाकिटात एक चित्र, मागच्या बाजूला कंपनीचं नाव आणि त्या मालिकेत आणखी कुठली चित्रं आहेत त्यांची यादी.

ही यादी फार हुशारीची होती बरं का. पन्नास चित्रांची मालिका असायची. एक पक्षी मिळाला की मागे वाचायचं, अजून एकोणपन्नास बाकी! पक्षी झाले, देशोदेशीचे झेंडे झाले, फळं झाली, हातपंखे घेतलेल्या बायका झाल्या, समुद्रातले चाचे झाले. १८८७ साली जगातले नामवंत खेळाडू निघाले, त्यात बेसबॉलपटू होते, पैलवान होते, नेमबाज होते. सिगारेट ओढायचा बाप, आणि चित्रासाठी हट्ट धरायची पोरं. माझ्या लहानपणी आम्ही काड्यापेटीचे छाप गोळा करायचो. एकसारखे दोन आले की अदलाबदल, आणि नवीन छाप दिसला की तो घेण्यासाठी घरातली अर्धी काड्यापेटी रिकामी करायची, मग आईच्या शिव्या. तेच हे. फरक एवढाच की तिथे कंपनीनं ते ठरवून केलं होतं.

पण एवढी जाहिरात करायची गरज का पडली? इथेच खरी गोम आहे. व्हर्जिनियातल्याच जेम्स बॉन्सॅक नावाच्या तरुणानं सिगारेट वळायचं यंत्र केलं आणि १८८१ साली त्याचं पेटंट मिळवलं. शेजारच्या राज्यातल्या ड्यूक नावाच्या कारखानदारानं १८८४ पासून ते यंत्र नेटानं चालवलं. एक यंत्र दिवसाला लाख-सव्वा लाख सिगारेटी काढायचं. म्हणजे चाळीस-पन्नास मुलींचं काम एका यंत्रानं केलं. माल इतका झाला की ओढणारे कमी पडले. मग ओढणारे तयार करायला हवेत! त्यासाठी जाहिरात, आणि जाहिरातीसाठी हे चित्र. वळणाऱ्या मुलींचे हात थांबले आणि चित्रांचा पूर आला, हे दोन्ही एकाच दशकात घडलं. मुलींचं पुढे काय झालं ते त्या कार्डांच्या मागे अर्थातच छापलेलं नाही.

चित्रात मात्र बायका भरपूर होत्या. नाटकातल्या नट्या, कमी कपड्यांतल्या सुंदऱ्या. कारण गिऱ्हाईक पुरुष. खुद्द ड्यूकच्या वडिलांना हे रुचलं नव्हतं. ते धार्मिक वृत्तीचे म्हातारे गृहस्थ, त्यांनी १८९४ साली मुलाला पत्र लिहून असली चित्रं पाकिटात घालणं बंद कर म्हणून सांगितलं होतं. धंदा बापाच्या नावाचा, आणि बापालाच लाज वाटावी अशी जाहिरात!

पुढची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १८९० साली पाच मोठ्या कंपन्या एक झाल्या. ड्यूकही त्यात, ॲलन अँड जिंटरही त्यात. चढाओढ संपली, तशी चित्रंही ओसरली. गिऱ्हाईक दुसरीकडे जाणारच नसेल तर त्याला चित्र कशाला द्यायचं? पुढे पुन्हा स्पर्धा वाढली तेव्हा चित्रं परत आली. म्हणजे ती कलेच्या प्रेमापोटी कधीच नव्हती.

तरीही मैत्रिणींनो, चित्रं सुरेख होती हे कबूल करायला हवं. ती शिळाछापाची चित्रं. शिळाछाप म्हणजे दगडावरून छापणं. जर्मनीत अलोइस झेनेफेल्डर नावाच्या माणसानं अठराव्या शतकाच्या शेवटी ही युक्ती काढली. चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा, त्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं आणि पाणी फिरवायचं. पाणी तेलकट रेषेवर थांबत नाही, बाकी दगड ओला होतो. मग तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेषेवर बसते. तव्याला तेलाचा हात लावल्यावर पाण्याचे थेंब कसे पळतात, तसंच. रंगीत चित्र हवं तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. साडीवर ठसे मारणारे एका रंगाचा ठसा मारून झाला की दुसऱ्या रंगाचा बरोबर त्याच जागी बसवतात ना, तसा एकाच कागदावर एकेक दगडाचा रंग चढवत जायचा. एक केसभर कागद सरकला तर पोपटाची चोच त्याच्या पाठीवर जायची! एवढ्या बारीक कामाची चित्रं लोकांना फुकट मिळत होती, आणि ज्या घरात भिंतीवर एकही तसबीर नव्हती त्या घरातही ती पोचत होती.

इंग्लंडमध्ये विल्स कंपनीनं हाच कित्ता गिरवला. १८९६ साली त्यांनी क्रिकेटपटूंची मालिका काढली, त्यात आपले रणजितसिंहजी होते. मग हे लोण हिंदुस्थानात आलं. कैची छाप सिगारेट काही जुन्या लोकांना आठवत असेल. १९१२ साली त्या छापाबरोबर हिंदुस्थानी पलटणींच्या शिपायांची चित्रं निघाली, फेटे आणि गणवेश यांच्या बारकाव्यांसकट. पण सिगारेट हे तेव्हा साहेबाचं आणि साहेबासारखं राहणाऱ्यांचं व्यसन. आपला साधा माणूस विडी ओढायचा.

आणि विडीला पाकीटच नाही. टेंभुर्णीच्या पानात तंबाखू, वर दोरा, पंचवीस विड्यांचा एक कट्टा, की झालं. आत कार्ड घालायला जागा कुठे? म्हणून विडीचं चित्र बाहेर आलं. पातळ कागदावर छापलं, कट्ट्याभोवती गुंडाळलं, खळीनं चिकटवलं. माझ्या मते अमेरिकेतल्या चित्रकार्डाची आपल्याकडची बहीण कोण म्हणाल तर हे लेबल. पण बहीण असली तरी तिचं काम जास्त अवघड होतं.

का ते सांगते. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशात शंभरातल्या अठराच लोकांना लिहिता-वाचता येत होतं. बायकांमध्ये शंभरात नऊसुद्धा नाहीत. गिऱ्हाईक दुकानात जाऊन नाव वाचणार नाही, तो चित्र सांगणार. 'हत्तीची दे', 'पोपटाची दे', 'घोड्याची दे'. म्हणून आपल्याकडे नावापुढे 'छाप' आलं. उंट छाप, घोडा छाप, कैची छाप. अमेरिकेतलं कार्ड ही मालावरची भेट होती. आपल्याकडे चित्र हेच मालाचं नाव होतं. ते बदललं तर गिऱ्हाईक गेलं.

ही पद्धत काही विडीवाल्यांनी शोधली नाही. आपल्या सोलापूरकरांना कापडाचं सांगायला नको. इथली जुनी मिल १८७७ सालची. त्या काळात मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडाच्या ताग्यावर रंगीत चित्राचा कागद चिकटवलेला असायचा. त्यावर देव, राजे, वाघ, हत्ती. ती चित्रं विलायतेत छापलेली, पण आपल्याला आवडतील अशी. तागा संपला की बायका तो कागद जपून ठेवायच्या, कुणी देव्हाऱ्यात लावायच्या. अक्कांची पेटी बघून मला तेच आठवलं.

मग चित्रं आपल्याकडेच छापली जाऊ लागली. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांबरोबर चित्रशाळा छापखाना काढला आणि देवादिकांची, पेशवाईतल्या माणसांची रंगीत चित्रं घरोघरी गेली. १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना घातला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आज्यांच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी आणि सरस्वती तिथूनच आली. एकदा का देवाचं देखणं चित्र प्रत्येकाच्या ओळखीचं झालं, की व्यापारी ते वापरणारच. बंगालमध्ये स्वदेशीच्या चळवळीत तर 'काली सिगारेट' निघाली होती, जाहिरातीत साक्षात कालीमाता! परदेशी सिगारेट ओढू नका, देशी ओढा, असा सगळा मामला. आज आपल्याला ते विचित्र वाटतं. तेव्हा ते देशप्रेम होतं.

विडीच्या लेबलावर मात्र देवापेक्षाही एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे मालकाचा फोटो. गोल नाहीतर बदामाच्या आकाराच्या चौकटीत, फेटा किंवा टोपी, कोट, समोर रोखून बघणारी नजर. मला आधी वाटायचं ही निव्वळ हौस. पण त्याला कारण आहे. हत्तीचं चित्र कुणीही छापेल, हत्ती काही तक्रार करणार नाही. मालकाचा चेहरा दुसऱ्यानं छापला तर ती उघड चोरी. आपल्याकडे व्यापारचिन्हं नोंदवायचा कायदा १९४० साली आला, त्यानंतर लेबलावर नोंदणीचा क्रमांकही दिसू लागला. चित्र, चेहरा, क्रमांक, आणि दोन-तीन लिप्यांत नाव. चार बोटांच्या कागदावर एवढं सगळं. अक्कांच्या लेबलावर मराठी, तेलुगू आणि हिंदी अशा तीन ओळी आहेत. आमचा पूर्व भाग जसा बोलतो तसंच लेबल!

आणि एवढ्या गर्दीत विडी वळणारी बाई कुठेच नाही. आता यात लेबलवाल्याचा दोष काढायला मी बसलेली नाही. अमेरिकेतल्या कार्डावरही सिगारेट वळणारी मुलगी नव्हतीच. पण जरा कारखान्याची रीत बघा. बाई सकाळी पान आणि तंबाखू घेऊन घरी येते. पान भिजवते, पत्र्याच्या मापानं कापते, सूप मांडीवर घेऊन वळते, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधते. दुसऱ्या दिवशी चेकरसमोर ठेवते. त्याला नाही आवडल्या त्या 'छाट' म्हणून बाजूला. मग माल भट्टीत शेकला जातो आणि शेवटी लेबल लागतं, ते दुसऱ्याच कुणाच्या हातून. हजार विड्या म्हणजे चाळीस कट्टे, चाळीस चित्रं. अक्कांनी तीस-पस्तीस वर्षं विड्या वळल्या. त्यांच्या कामावर किती लाख चित्रं लागली असतील त्याचा हिशेब मी वहीत करून पाहिला आणि सोडून दिला. त्यातली चारच त्यांच्या घरी आली, तीही मागून आणल्यामुळे.

चित्राची किंमत किती असते ते आपल्या राज्यात अलीकडेच दिसलं. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची विडी छत्रपती संभाजी महाराजांच्या नावानं वर्षानुवर्षं विकली जायची. ओढून फेकायच्या वस्तूवर महाराजांचं नाव नको, म्हणून शिवप्रेमी संघटनांनी आंदोलन केलं आणि २०२१ साली कंपनीनं नाव बदलून साबळे बिडी केलं. मला विचाराल तर नाव बदललं ते बरंच झालं. पण तेव्हा आमच्या गटातल्या बायकांना एकच काळजी होती, नाव बदलल्यावर खप पडला तर वळणारीचं काम कमी होणार का? लेबल शेठचं असतं, पण ते फाटलं की झळ हिला पोचते.

आता चित्राचं काम उलटं झालंय. २००३ च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. ३१ मे २००९ पासून पाकिटावर धोक्याचं चित्र सक्तीचं झालं, आणि १ एप्रिल २०१६ पासून त्या चित्रानं पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापलाच पाहिजे असा नियम आहे. विडीलाही तो लागू आहे. शंभर वर्षं ज्या जागेवर हत्ती-घोडे होते तिथे आता कॅन्सर झालेलं तोंड. बघवत नाही, पण बघवू नये म्हणूनच ते आहे. वाचता न येणाऱ्याला नावाऐवजी चित्र समजतं, हे जे व्यापाऱ्यांना आधी कळलं होतं ते सरकारला उशिरा कळलं, एवढंच. आपल्या देशात सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा विडी ओढणारे जास्त आहेत. २०१६-१७ च्या पाहणीत प्रौढांमध्ये सिगारेटवाले शंभरात चार आणि विडीवाले जवळपास आठ निघाले. तेव्हा मी लेबलाचं कौतुक करते आहे म्हणून कुणी घरात विडीचं कौतुक करू नये. वळणाऱ्या बाईलासुद्धा ती तंबाखूची धूळ चुकत नाही, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

अक्का आज ज्या परिसरात राहतात तिथे जवळच कुंभारीत कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत आहे. विडी कामगार बायकांसाठी बांधलेली दहा हजार घरं, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचा ताबा दिला गेला. त्या घरांसाठी अर्ज करताना बायकांना आपण विडी कामगार आहोत हे कागदावर दाखवावं लागलं होतं. आणि इथे माझ्या मनातलं दुसरं कार्ड येतं. विडी कामगाराचं ओळखपत्र. अक्कांच्या पेटीत तेही होतं, लेबलांच्या खालीच, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यावर त्यांचा फोटो आहे. तरुणपणीचा, कपाळावर मोठं कुंकू, समोर रोखून बघणारी नजर, अगदी त्या शेठसारखी. विडीच्या सगळ्या धंद्यात वळणारीचा चेहरा छापलेला कागद बहुधा हा एवढाच.

हे ओळखपत्र नुसतं जपू नका, चालू ठेवा. १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्यामुळे त्याच्या आधारावर कामगार दवाखान्यात उपचार आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. ज्यांच्या कार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरं आहे त्यांनी ते आधी दुरुस्त करून घ्या. तेलुगू आडनावाचं मराठीत स्पेलिंग चुकलेलं मी दर महिन्याला बघते.

आणि लेबलांचं काय करायचं? अमेरिकेत जेफरसन बर्डिक नावाचा एक माणूस होता. कारखान्यात विजेचे सुटे भाग जोडणारा साधा कामगार, संधिवातानं बोटं वाकडी झालेली. त्यानं आयुष्यभर अशी कार्डं आणि छापील कागद जमवले आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले. तीन लाखांहून जास्त! संग्रहालयात बसून स्वतः वह्यांत चिकटवण्यात त्याची पंधराएक वर्षं गेली, १९६३ साली शेवटचं कार्ड लावलं आणि दोनच महिन्यांनी तो वारला. त्यानं जपल्या तसल्याच सिगारेट-कार्डांपैकी एका बेसबॉलपटूचं कार्ड २०२२ साली कुणाकडून तरी कुणीतरी बहात्तर लाख डॉलरांहून जास्त किमतीला घेतलं. आपल्या लेबलांना एवढा भाव येणार नाही, पेट्या उपसायला लगेच धावू नका! पण जे कारखाने बंद पडले त्यांची आठवण सांगणारा कागद दुसरा फारसा उरलेला नाही.

तर कुणाच्या घरी जुनी लेबलं असतील तर ती फेव्हिकॉलनं वहीत चिकटवू नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, त्या उष्णतेनं जुनी शाई बिघडते आणि कागद पुन्हा सुटत नाही. दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांच्या मध्ये सपाट ठेवा, उन्हापासून लांब, झुरळांपासून तर फारच लांब, कारण खळ त्यांना आवडते. पेटीला चिकटलेलं असेल तर खरवडून काढू नका, आहे तिथेच राहू द्या आणि मोबाइलवर फोटो काढा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं, पेननं नाही, एवढं लिहा: कारखाना कुठे होता, साधारण कुठलं साल, आणि विड्या कुणी वळल्या तिचं नाव. अक्कांच्या लेबलांच्या मागे लिहिता येईना, म्हणून आम्ही झाकणावरच शेजारी एक चिठ्ठी लावली. त्यांनी नाव स्वतः लिहिलं, साक्षरता वर्गात शिकल्या होत्या तसं, तेलुगूत नाही, मराठीत.